आईला, ऑपरेशनबद्दल

लेस्टर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर "पोट कापून घेणार?" एवढंच विचारलंस आणि रडायला लागलीस, म्हणून या वजन उतरवायच्या ऑपरेशनबद्दल सगळं सविस्तर लिहिते.

इथे ब्रिटनमध्ये बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४० असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखं दुखणं असेल, तर या ऑपरेशनचा विचार करतात. आपल्या वंशाच्या लोकांसाठी हे आकडे अडीचने खाली धरतात, कारण साखर आपल्याला कमी वजनातच गाठते. माझा ३८ आहे. साखर आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावावं लागतं. चालणं, भाकरी मोजून खाणं, सगळं मनापासून केलंय गं. हा आळस नाही, हे तू तरी मान.

स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. बायपास नावाच्या दुसऱ्या प्रकारात वर एक लहानशी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. माझं पित्त घशाशी येतं आणि स्लीव्हने ते वाढू शकतं, म्हणून माझा कल बायपासकडे. पुष्कळांची साखर तर वजन उतरायच्या आधीच खाली येते. नंतर बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र जन्मभर. गोड जास्त झालं तर धडधड, घाम, चक्कर. तेव्हा दिवाळीला घरी आले की कुणी आग्रह करायचा नाही, तूसुद्धा नाही.

अडलंय ते एकाच ठिकाणी. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात. बाळाला पोषण कमी पडतं. मी चौतिशीत आहे आणि तू नातवंडाची किती वाट बघतेस ते मला ठाऊक आहे. वजनाची इंजेक्शनंही आहेत, पण मूल हवं असेल तर ती आधी बंद करावी लागतात, आणि बंद केली की वजन बहुतेक परत चढतं. वजन उतरलं तर माझी पीसीओडीची पाळीही सुधारेल. म्हणून आधी ऑपरेशन, मग बाळ, असं आम्हा दोघांना वाटतंय. थांबणं मला सोपं नाही, आई.

पुढच्या महिन्यात सर्जनना भेटायचंय. तुझे आणि बाबांचे प्रश्न लिहून पाठव. एकेक करून विचारीन. सासूबाईंशी मीच बोलेन, तोवर तू काही सांगू नकोस.

तुझी,
सुमा