पावसाळ्यात लावलेली झाडं उन्हाळ्यात कोण जगवणार?

संपादक साहेब,

सध्या कडुनिंबाची पानगळ चालू आहे अन् आमच्या मानेवाड्यात सकाळी सकाळी पाल्याचे ढीग पेटवणं पण, धूर तर होतेच पण तो पाला म्हणजे फुकटचं आच्छादन आहे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी पोतं भरून उचलून आणतो, गोडनिंब, पेरू, जास्वंदाच्या बुडाशी चार बोटं जाड पसरवतो, फक्त खोडाला चिकटू देत नाही, नाहीतर बुड सडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, उघडी माती सकाळचं पाणी दुपारपर्यंत पिऊन टाकते.

जुलैत फोटो काढून लावलेली रोपं आता रस्त्याकडेला वाळत आहेत. एकाच्या बाजूला मी जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, बुडाला बारीक छेद करून कापसाची वात घातली, दोन-तीन दिवसांनी भरलं तरी चालते. परवा पाहतो तर ट्री गार्डची तार खोडात रुतलेली, साल फाटली होती, पक्कड आणून तोडली. बायको म्हणते आधी घरच्या सांभाराला (कोथिंबिरीला) पाणी घाला! पण लावणाऱ्यांनी निदान जूनपर्यंत एक एक बादली तरी टाकावी ना.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर