वटवाघळाआधीची घंटा

महोदय,
‘ब्लॅक सॅबथ’ या ब्रिटिश रॉक बँडचे गायक ऑझी ऑस्बॉर्न गेले तेव्हा माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक लेखांत त्यांनी मंचावर वटवाघळाचं डोकं चावून तोडल्याचाच किस्सा रंगवला होता. ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्या अल्बमला जेमतेम एक ओळ!

१३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेला हा अल्बम बँडने लंडनच्या स्टुडिओत एका दिवसात वाजवून संपवला होता. गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला.

अल्बमच्या सुरुवातीला पाऊस, लांबवर घंटा आणि मग तीन सुरांचा तो जड घाव. आमच्या वडिलांनी पहिल्यांदा ऐकून विचारलं होतं, “टेप अडकली का रे?” तेव्हाच्या समीक्षकांनीही नाकं मुरडलीच होती. तरी ब्रिटनच्या खपाच्या यादीत अल्बम ८व्या क्रमांकावर पोचला.

वटवाघळाचं प्रकरण १९८२चं. ते बारा वर्षांनी घडलं हो!

– एक जुना श्रोता, डोंबिवली