कोराडीचा धूर आणि समुद्राचा कायदा : केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : कोळशावरील वीज प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनात समुद्राचा विचार करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. हॅम्बुर्ग येथील आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने २१ मे २०२४ रोजी लहान बेटराष्ट्रांच्या विनंतीवरून एक सल्लागार मत एकमताने दिले. माणसाने वातावरणात सोडलेले हरितगृह वायू हे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या व्याख्येनुसार सागरी प्रदूषणच ठरतात, असे त्यात म्हटले आहे. त्या व्याख्येत पदार्थांबरोबर ऊर्जेचाही समावेश आहे आणि हवामान बदलातून साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. आपण सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्साही तोच शोषतो आणि त्यामुळे त्याचे पाणी आम्लधर्मी होत चालले आहे.

हे मत बंधनकारक नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या कराराचा अर्थ त्यात लावला आहे तो करार भारताने १९९५ मध्ये मंजूर केला असून तो आपल्यावर निश्चितच बंधनकारक आहे. त्याच्या कलम २०६ चा आधार घेऊन न्यायाधिकरणाने सांगितले आहे की, जो नियोजित प्रकल्प, मग तो सरकारी असो वा खासगी, आपल्या उत्सर्जनातून समुद्राचे मोठे प्रदूषण घडवू शकतो, त्याचे मूल्यांकन झालेच पाहिजे, आणि त्यात एकत्रित परिणामही मोजले पाहिजेत. प्रकल्प किनाऱ्यावरच असावा, अशी कोणतीही अट तेथे नाही.

म्हणूनच हे पत्र नागपुरातून लिहीत आहे. आमच्या शहराला लागून असलेल्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच चालू आहेत आणि तेवढ्याच क्षमतेच्या आणखी दोन संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करताना साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे असा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला जवळपास ६०० टन. आपल्या मूल्यांकन पद्धतीत अभ्यासक्षेत्र मात्र सर्वसाधारणपणे प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटरचे असते. राख, धूळ आणि पाणी यांसाठी ती मर्यादा समजण्यासारखी आहे, आणि कोराडी-खापरखेड्याच्या गावांना राखेचा जो त्रास होतो तो त्या परिघात नोंदवला गेलाच पाहिजे. कार्बन डायऑक्साइड मात्र दहा किलोमीटरवर थांबत नाही. विदर्भाच्या कापसाला आणि सोयाबीनला पाऊस देणारे वारे अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून येतात, त्यामुळे समुद्र तापला तर त्याची झळ आमच्याही शेतांना बसणार आहे.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर डिसेंबर २०२४ मध्ये भारताने सावधगिरीची भूमिका मांडली : सध्याच्या हवामान करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत, आणि ज्यांनी ऐतिहासिकदृष्ट्या सर्वाधिक उत्सर्जन केले त्यांनी अधिक भार उचलावा. यातील दुसरा मुद्दा पूर्णपणे न्याय्य आहे आणि तो आपण सोडू नये. पण २३ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयानेही एकमताने सांगितले की, राज्यांची कर्तव्ये हवामान करारांपुरती मर्यादित नाहीत, सागरी कायद्यातूनही ती येतात. शिवाय सागरी कायदा कराराचे कलम १९४ प्रत्येक देशाची कर्तव्ये त्याच्या क्षमतेशी जोडते आणि कलम २०२ विकसनशील देशांना साहाय्य देण्यास सांगते. हा कायदा आपल्या हिताविरुद्ध नाही. विकसित देशांकडे तंत्रज्ञान आणि निधी मागताना त्याचाच आधार आपल्याला मिळतो. ती मागणी करणाऱ्या देशाने स्वतःच्या प्रकल्पांचा हिशेब आधी उघडपणे मांडलेला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे. मार्च २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये असल्याचे मान्य केले आहे.

त्यामुळे माझी विनंती आहे की, २००६ च्या मूल्यांकन अधिसूचनेत सुधारणा करून प्रत्येक मोठ्या औष्णिक प्रकल्पाने आपल्या संपूर्ण आयुष्यातील हरितगृह वायूंचे उत्सर्जन आणि एकत्रित परिणामांतील आपला वाटा अहवालात नोंदवावा, हे बंधनकारक करावे. त्याची पद्धत ठरवण्याचे काम नागपुरातीलच 'नीरी'कडे (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे) सोपवता येईल. जनसुनावणीपूर्वी गावकऱ्यांच्या हाती पडणाऱ्या मराठी सारांशातही ते आकडे असावेत, म्हणजे सुनावणीला येणाऱ्या माणसाला त्यांवर प्रश्न विचारता येईल.

आपला विश्वासू,
नागपूरचा एक नागरिक