गोठ्यातली नाचणी

वसई,
१ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सोसायटीत यंदा नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडायचं ठरलं आणि दरवर्षी किल्ला करतोस म्हणून काम तुझ्याच गळ्यात पडलं, हे चांगलंच झालं. किल्ला ज्याला जमतो त्याला निम्मा गोठा आलेलाच असतो. फरक तारखांचा. किल्ला दोन दिवस मागेपुढे झाला तरी कुणी विचारत नाही. गोठ्याचं सगळं गणित २४ डिसेंबरच्या रात्रीपासून उलटं मोजत यावं लागतं, आणि त्यात सगळ्यात आधी येतं ते शेत.

गोठ्यासमोर हिरवंगार शेत हवं आणि ते खरं हवं. प्लॅस्टिकचं गवत आणलंस तर मला कळवूसुद्धा नकोस. किल्ल्यावर तू अळीव टाकतोस, इथे नाचणी. १३ तारखेला रात्री नाचणी भिजत घाल. १४ला सकाळी उपसून ओल्या फडक्यात सैल बांधून ठेव, १५ला मोड दिसतील. दीड फूट बाय एक फूट ट्रेला दोन मोठे चमचे दाणे पुरतात. जास्त पेरलेस तर रोपं एकमेकांना गुदमरवतात आणि बुडाशी कुजतात. ट्रेला खाली भोकं पाड, चाळलेली माती दीड इंच पसर, दाणे एका थरात विखरून वर अगदी पातळ माती भुरभुरव. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर सगळे दाणे वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि शेताऐवजी एक झुडूप उगवतं.

पहिले दोन दिवस ट्रे झाकून ठेव, मग उजेडात काढ. घटस्थापनेचं धान आपण अंधाऱ्या देवघरात वाढवतो म्हणून ते पिवळं होतं; तिथे ते शोभतं, इथे हिरवं पाहिजे. पुण्याच्या थंडीत नाचणी हळू वाढते, म्हणून ट्रे दिवसा उन्हाच्या खिडकीत आणि रात्री घरात ठेव. तिसऱ्या दिवशी मुळांपाशी पांढरी लव दिसेल. ती बुरशी समजून ट्रे फेकू नकोस. पाणी शिंपडल्यावर लव दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच. तशीच राहिली, बुळबुळीत लागली आणि कुबट वास आला तर बुरशी. तेवढा भाग खरवडून काढ आणि एक दिवस पाणी बंद. गहू लवकर येतो, पण आठ-दहा दिवसांत वीतभर होतो आणि त्यात मेंढ्या दिसेनाशा होतात. नाचणी फसलीच, तर २० तारखेला अळीव पेर. २४ पर्यंत हिरवळ नक्की येईल, फक्त ती दोन दिवसांत माना टाकते.

डोंगर तुझ्या हातचाच आहे : गोणपाट, मातीचा पातळ राडा, आतून विटा नि खोकी. छपराला भाताचा पेंढा घे, पण दोन दिवस कडक उन्हात वाळव. ओलसर पेंढा बंद हॉलमध्ये वास मारतो आणि किडे सोडतो. पेंढ्याजवळ मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको. एलईडीची माळ वापर आणि तिचे जोड पेंढ्याच्या बाहेर ठेव. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चार मेणबत्त्या लावणार असाल तर त्या वेगळ्या टेबलावर. तीन जांभळ्या, एक गुलाबी; गुलाबी तिसऱ्या रविवारी लावतात.

आता मूर्ती. लोक इथेच हमखास चुकतात, कारण खोक्यातून निघतील तशा सगळ्या एकदम मांडून टाकतात. येशूचे आईवडील मारिया नि योसेफ, बैल आणि गाढव आधीपासून ठेव. गव्हाणी मात्र रिकामी. बाळ २४च्या मध्यरात्री येतं. तोवर ते तुझ्या कपाटात कुलपात ठेव, कारण सोसायटीतली पोरं रिकामी गव्हाणी बघून कुठून तरी बाहुली आणून निजवतातच. मेंढपाळ बाळाबरोबर. आणि बाळाच्या भेटीला येणारे तीन राजे हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या कट्ट्यावर वगैरे. २५ तारखेपासून ते रोज थोडे थोडे सरकवायचे आणि ६ जानेवारीला गोठ्याशी पोहोचवायचे. हे काम पोरांकडे दे, रोज एका घराची पाळी लाव. उंटांची दिशा तेवढी बघ, काही वेळा राजे उलटे निघालेले असतात.

कुणी चौकस विचारेल म्हणून सांगतो. बायबलमधल्या, येशूची गोष्ट सांगणाऱ्या शुभवर्तमानांत बैल-गाढवाचा उल्लेख नाही. गव्हाणी लूकच्या वृत्तांतात आहे. आपले राजे, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, मत्तयच्या वृत्तांतात आहेत, आणि तिथेही ते तीन असल्याचं लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून माणसंही तीन धरली गेली. बैल आणि गाढव उभे करून देखावा केला तो संत फ्रान्सिस असिसीकर यांनी, १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी.

तारा विकत आणू नकोस. तो आकाशकंदिलाचाच भाऊ आहे. ६० सेंमीच्या दहा कामट्या घे, सगळ्या सारख्या जाडीच्या. एक जरी जाड निघाली तरी तारा तिकडे ओढला जातो. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण कर. पाच कामट्यांचा एक तारा, खुणा एकमेकींवर येतील असा, एक वर एक खाली गुंफून दोऱ्याने बांध. असे दोन झाले की पाचही टोकं जोडून बांध आणि आतल्या पाच सांध्यांत १२ सेंमीचे आडवे तुकडे अडकव, म्हणजे पोट फुगतं. पतंगाचा कागद खळीने चिकटव. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो. मागचा पंचकोन एकाच कडेला चिकटव, दिवा बदलायला हात जायला हवा. दिवा ५ वॅटचा एलईडी. आमच्याकडे दवाने कागद लोंबतो म्हणून तारा पडवीत टांगतात, तुमच्याकडेही छपराखालीच बरा.

फराळाचं तुझ्या घरी सांगायला नको. गोव्यातली नेवरी म्हणजे करंजीच. कलकल तेवढे नवे असतील : मैद्याच्या छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून वळायच्या. पीठ घट्ट मळा, सैल झालं की तेल पितं. साखर पिठात जास्त घातली तर कलकल आतून शिजायच्या आधी वरून काळे पडतात. त्यापेक्षा तळून झाल्यावर पाकात घोळवा. ताटं वाटताना ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे आधी पाठव. गोव्यात अशा घरी गोडधोड करत नाहीत, शेजारी आणून देतात. आपल्या दिवाळीसारखंच.

एक राहिलं. ६ जानेवारीपर्यंत पहिली नाचणी उंच होऊन पिवळी पडेल. कात्रीने छाटलीस तर चार दिवस निघतील, पण खरा उपाय म्हणजे २२ला आणखी दोन चमचे भिजत घालून २४ला दुसरा ट्रे पेरायचा. ३ जानेवारीला रात्री सगळे झोपल्यावर ट्रे बदल.

तुझा,
वसईकर