लेझर मशीनच्या कोटेशनवर कार्डाचं नाव पण लिहा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सांगलीत माझं ट्रॉफी, नेमप्लेट, सन्मानचिन्हाचं दुकान आहे. हल्ली पीएमईजीपी नाहीतर सीएमईजीपी या सरकारी सबसिडीच्या योजनेतनं कर्ज काढून लेझर एन्ग्रेव्हिंगचं मशीन घेणारी पोरं गावोगाव दिसायला लागलीत, चांगलंच आहे, पण बँकेत जे कोटेशन जातं ते कधीतरी वाचून बघा. किती वॅट, बेड केवढा, पाणी गार करणारा चिलर आहे का, जीएसटी किती, आणि सगळ्यात खाली 'सॉफ्टवेअर फ्री'. आत कंट्रोलर कार्ड, म्हणजे मशीनला हलवणारं सर्किट, कुठलं बसवलंय ते कुठंच लिहिलेलं नसतं. गाडी घेताना पेट्रोल का डिझेल एवढं तरी कागदावर असतं की नाही? इथं लाखाचं मशीन घेऊन तेवढंही कळत नाही.

मशीनच्या दारावर ज्या ब्रँडचं स्टिकर आहे त्याला सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काही अर्थ नसतो, स्टिकर इथला डीलर लावतो, कार्ड बहुतेक वेळा चीनचं असतं आणि सॉफ्टवेअर त्या कार्डाशी बोलतं. लाकूड, ॲक्रिलिक कापणाऱ्या सीओटू लेझर मशीनमध्ये रुईडा कंपनीचं कार्ड असेल तर त्यांचं आरडीवर्क्स सॉफ्टवेअर चालतं आणि लाइटबर्न हे दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअरही चालतं, म्हणजे उद्या डीलरने फोन उचलला नाही तरी आपलं काम अडत नाही. पण तेच ते छोटं निळं के४० म्हणतात ते मशीन मूळच्या एम२ नॅनो बोर्डावर असेल तर लाइटबर्न त्याला ओळखतच नाही, मग के४० व्हिस्परर सारखी फुकटची सॉफ्टवेअर शोधा नाहीतर बोर्डच बदला. धातूवर मार्किंग करणाऱ्या फायबर लेझर मशीनला बहुतेक वेळा ईझीकॅड हे सॉफ्टवेअर लागतं, पण त्यातही ईझीकॅड २ चं कार्ड वेगळं, ईझीकॅड ३ चं वेगळं, एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही. लाइटबर्नने २०२२ ला फायबरला सपोर्ट दिला तो पण ईझीकॅड २ वाल्या कार्डांना. ट्रोटेक, एपिलॉग वगैरे महागड्या मशीनचं आणखी निराळंच, त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधनं प्रिंट मारल्यासारखी फाइल जाते, छान चालतं, फक्त तिथं लाइटबर्न घेऊन जाल तर उपयोग शून्य.

लाकडावर कॉम्प्युटरने कोरकाम करणाऱ्या सीएनसी मशीनवाल्यांचं तर विचारूच नका. देव्हारे, दरवाजे करणारे कितीतरी जण अजून आर्टकॅम या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसलेत, ते ऑटोडेस्क कंपनीने २०१८ लाच बंद केलं. त्यात मशीन चालवायला माक ३ हे जुनं सॉफ्टवेअर आणि जुन्या प्रिंटरसारखा पॅरलल पोर्ट असेल तर नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच येत नाही, म्हणून कारखान्याच्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा पीसी भुश्शात जपून ठेवलेला असतो, त्याला हात लावायची कुणाची टाप नाही.

मिरजेकडच्या एका ओळखीच्या पोराचं सांगतो. ऐन २६ जानेवारीच्या आधी, शाळांच्या गॅदरिंगची मेडलं अर्धी झालेली आणि फायबर मशीनचा पीसी गेला. नवा लॅपटॉप आणला, सॉफ्टवेअर टाकलं, मशीन कनेक्ट पण झालं, आणि गोल मारला तर तो लांबट यायला लागला, चौकोनाच्या बाजूंना पोट सुटलं. पोराला वाटलं लेन्स गेली. लेन्सला काही झालं नव्हतं, त्या मशीनच्या आरशांचं आणि लेन्सचं करेक्शन ज्या फाइलमध्ये असतं (मार्कसीएफजी७ नावाची फाइल) ती जुन्या पीसीबरोबर गेली होती. ती प्रत्येक मशीनची आपापली असते, शेजाऱ्याची आणून चालत नाही. मशीनबरोबर आलेला पेनड्राइव्ह सापडेना आणि डीलर म्हणाला माणूस पाठवतो, व्हिजिट चार्ज भरा. शेवटी मेडलं दुसऱ्याकडनं करून घेतली, नफा गेला तो गेलाच.

मराठीचा घोळ आणखी वेगळा. २०२२ ला कायदा बदलला, लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आमच्याकडे ॲक्रिलिकच्या अक्षरांचं काम वाढलं, तक्रार नाही. पण मशीनबरोबर येणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये मराठी थेट टाइप केलं की 'किरण'ची वेलांटी क च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि 'श्री'चा पाय मोडतो. म्हणून सगळे कोरलमध्ये टाइप करून कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकतात. तिथंही एक गंमत आहे, प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर जराशी चढलेली असते, आणि कर्व्ह नुसतं कंबाइन केलं तर चढलेला तेवढाच भाग मशीन कोरं सोडतं. पितळी पाटीवर साहेबांचं नाव आणि रेघेला दर अक्षरामागे फट. कोरलमध्ये वेल्ड मारून सगळे आकार एकजीव केले की ती फट जाते, पण हे नव्या पोराला सांगणार कोण? इंग्रजी 'वेलकम' कोरून डेमो दाखवला की डीलरचं काम झालं.

डीलरला विचारलं तर ठरलेलं उत्तर, 'आमच्याच सॉफ्टवेअरवर चालतंय ना, दुसऱ्याची गरज काय?' गरज नाही कशी? डीलर दुकान बंद करतो, लायसनचा डोंगल (पेनड्राइव्हसारखी चावी) हरवतो, विंडोज बदलतं, आणि सर्व्हिस केली तर मशीन वर्षानुवर्षं चालत राहतं. विंडोजऐवजी लिनक्सवर लाइटबर्न वापरणाऱ्यांनाही कंपनीने १.७ व्हर्जननंतर पुढचं मिळणार नाही असं सांगून टाकलं, म्हणजे चांगल्या सॉफ्टवेअरचाही भरवसा एका मर्यादेपर्यंतच.

सबसिडीचं मशीन आहे तिथं तरी जिल्हा उद्योग केंद्राने आणि बँकेने कोटेशनवर कार्डाची कंपनी, मॉडेल आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहून मागावं, आणि मशीन बसवताना सेटिंगच्या फाइलची कॉपी गिऱ्हाइकाला दिली अशी सही घ्यावी. या योजनांच्या ईडीपी (उद्योजकता) ट्रेनिंगमध्ये पोरांना प्रोजेक्ट रिपोर्ट कसा करायचा ते शिकवतात, तिथं अर्धा तास यावरही द्या.

ज्यांनी मशीन आधीच घेतलंय त्यांनी मेन स्विच बंद करून बाजूचं दार उघडा, कार्डावरच्या नावाचा आणि नंबरचा मोबाइलवर फोटो काढा, आणि सेटिंगची फाइल आजच्या आज स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा.

आपला,
एक ट्रॉफीवाला, सांगली