तक्रार पत्र: नळीवर शिक्का जुनाच, चेंबरमध्ये पायरी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
बॅरल व रिबोअरिंग विभाग

विषय: .३०-०६ कॅलिबरची शिकारी रायफल रिबोअर करून, म्हणजे नळीचे भोक मोठे करून, .३५ व्हेलन कॅलिबरची करून देताना झालेल्या चुकांबाबत

सोबत: ऑर्डर फॉर्मची प्रत, हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस टेकते ती जागा यांतले अंतर) तपासणीचा अहवाल, झाडलेल्या पुंगळ्यांची (काडतुसांच्या पितळी कवचांची) छायाचित्रे

महोदय,

आपल्याकडून रिबोअर होऊन आलेल्या रायफलबद्दल मी फोनवर बोललो, ईमेलही केला. दोन्हीकडून उत्तर एकच आले: ‘काडतुसे दुसऱ्या कंपनीची वापरून पाहा.’ काडतुसे बदलल्याने नळीवरचा शिक्का बदलत नाही, म्हणून आता लेखी कळवतो आहे.

रायफल माउझर ९८ अ‍ॅक्शनची, जुनी. दस्ता, साइट, नळीचा बाहेरचा घाट, सगळे ठणठणीत होते. बोअर, म्हणजे नळीचे आतले भोक, तेवढे गंजाने खाल्लेले. नवी नळी बसवणे सोपे होते, पण मग रायफल पहिली राहिली नसती. रिबोअरिंगमध्ये भोक .३०० वरून .३५० इंचावर जाते, म्हणजे चहूबाजूंनी ०.०२५ इंच लोखंड निघते आणि गंजाचे खड्डे त्याच्याबरोबर जातात. शिवाय .३५ व्हेलन हे १९२२ सालचे काडतूस म्हणजे .३०-०६ चीच पुंगळी, फक्त तोंड रुंदावलेली. त्यामुळे काडतुसामागे बंद होणारा बोल्ट, पुंगळी बाहेर खेचणारा एक्स्ट्रॅक्टर, मॅगझिन कशालाच हात लावावा लागत नाही. आपल्या कारखान्यात हे सांगण्याची गरज नाही, ठाऊक आहे. पण ग्राहक सेवेत ज्या गृहस्थांशी माझे बोलणे झाले त्यांना यातले काहीच माहीत नव्हते, आणि हे पत्र आधी त्यांच्याच टेबलावर येणार.

बोअरचे काम चांगले झाले आहे, हेही लिहून ठेवतो. मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकत नेली. ती सुरुवातीपासून टोकापर्यंत सारख्याच जोराने सरकली, कुठे सैल पडली नाही, आणि मायक्रोमीटरवर .३५८ (खाचांच्या तळाचे माप) भरली. ज्याने हे केले त्याचा हात चांगला आहे. बिघडले ते त्याच्या हातून रायफल पुढे गेल्यावर.

सगळ्यात गंभीर बाब शिक्क्याची. नळीवर आजही .३०-०६ असेच कोरलेले आहे. नवे कॅलिबर कुठे, तर चापाच्या कड्याला दोऱ्याने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या टॅगवर, बॉलपेनने लिहिलेले. तेलाचा हात लागताच त्यातला पाचाचा आकडा पसरला. माझ्या कागदपत्रांवर कॅलिबर एक, हत्यारावर दुसरे, हा त्रास वेगळाच. पण खरी भीती ती नाही. .३५ व्हेलनचे काडतूस .३०-०६ च्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत) शिरतच नाही, कारण त्याची मान .३८८ इंचांची आणि तिथे जागा .३४० च्या मानेपुरती. उलट्या बाजूने मात्र काहीच अडत नाही. या नळीत .३०-०६ चे काडतूस घाला, ते आत जाते, खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) नीट टेकते, बोल्ट बिनतक्रार बंद होतो. मग .३०८ ची गोळी .३५० च्या भोकातून रायफलिंगला (नळीतल्या पिळाच्या खाचांना) न टेकता निघते. पुंगळीची मान फाटते, गॅस मोकळा सुटतो आणि गोळी कुठे जाईल याचा नेम नाही. उद्या ही रायफल माझ्या घरातल्या कोणाच्या किंवा विकत घेणाऱ्याच्या हातात गेली, तर तो नळीवर वाचेल तेच काडतूस भरणार. त्यात त्याचे काय चुकले?

यावर आपल्या माणसाने मला ‘शिक्का मारणे हे फिनिशिंगचे काम आहे, वेगळा चार्ज लागतो’ असे ऐकवले. मला हे पटत नाही आणि पटणारही नाही. कॅलिबर बदललेली नळी नव्या शिक्क्याशिवाय कारखान्याच्या दारातून बाहेर पडताच कामा नये. ग्राहकाने पैसे दिले तर करायची ही शोभेची गोष्ट नव्हे.

दुसरे, चेंबर. झाडलेल्या पुंगळीच्या खांद्याशी एका बाजूला बारीक पायरी उठते. नखाने चाचपली तर नख अडकते. दुसरी बाजू गुळगुळीत. म्हणजे रीमर (चेंबर कापायचे हत्यार) जुन्या चेंबरच्या मध्याशी जुळवून न घेता तिरका घातला गेला. शिवाय तो जरुरीपेक्षा खोलही गेला आहे. पुंगळीच्या बुडापासून थोडे वर एक चकचकीत कडे दिसते, आणि टोक वाकवलेली तार आतून फिरवली की त्याच जागी ती खाचेत अडते. तिथे पितळ ताणून पातळ झाले आहे. पुंगळी कधीतरी तिथेच तुटणार. हा माझा तर्क नको म्हणून दुसऱ्या गनस्मिथकडून गेज लावून घेतले: ‘गो’ गेजवर (किमान खोलीच्या मापावर) बोल्ट बंद होतो, तो व्हायलाच हवा, पण ‘नो-गो’वरही (जास्त खोलीच्या मापावर, जिथे तो होऊ नये) होतो. यात व्हेलनचा खांदा मुळात अरुंद, .४४१ वरून .३८८ वर येणारा, म्हणजे .३०-०६ च्या खांद्याच्या जेमतेम निम्मा. काडतूस टेकायला जागाच एवढीशी असताना खोलीत ढिलाई चालत नाही. तपासणीचा अहवाल आल्यापासून मी ही रायफल झाडलेली नाही.

तिसरे, पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचे वळण. फॉर्मवर मी १२ इंचांत एक फेरा असे लिहिले होते आणि आपल्या सहीने ते मान्य झाले होते. क्लीनिंग रॉडवर घट्ट कापड चढवून, रॉडला खूण करून मोजले, तर फेरा १६ इंचांत पुरा होतो. ‘रेमिंग्टनही सोळाच देत असे’ हे उत्तर मला मिळाले. देत असे, खरे आहे. पण मी रेमिंग्टनची रायफल मागवली नव्हती. मला तांब्याच्या अखंड गोळ्या वापरायच्या आहेत. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. आता ही चूक दुरुस्तही होत नाही. पुढची पायरी ९.३ मिलिमीटर म्हणावी, तर तिचे भोक .३५४ इंच आणि आपण पाडलेल्या खाचा .३५८ च्या, त्या पुसल्याच जाणार नाहीत. .३७५ पर्यंत जायचे तर नळी आणखी पातळ, धक्का आणखी जोराचा, आणि ते मला नको आहे.

ब्लूइंगवर (पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर) पडलेल्या डागांबद्दल मी काही म्हणत नाही.

आता मागणी. चेंबर दुरुस्त होण्यासारखे आहे. माउझरच्या नळीला इंचाला १२ आटे असतात. नळी पुरा एक आटा मागे घेतली की ती सुमारे ०.०८३ इंच सरकते, साइट पुन्हा बरोबर वर येते आणि नवा चेंबर कापताना जुनी पायरी निघून जाते. हे काम आपण आपल्या खर्चाने करावे, दस्त्यात नळीपुरती जागा लागेल तीही करून द्यावी, आणि गेजचे आकडे लिहिलेला सहीचा कागद सोबत द्यावा. .३०-०६ चा शिक्का रद्द केल्याची खूण करून शेजारी .३५ व्हेलन असा खोल, सुवाच्य शिक्का मारावा. जाण्या-येण्याचा वाहतूक खर्च आपलाच राहील. पीळ आहे तसा मी चालवून घेईन, पण रायफलिंगसाठी आकारलेली रक्कम परत हवी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्यावाचून मला मार्ग नाही.

आणखी एक. पुठ्ठ्याचा टॅग लावून परत गेलेली रायफल माझ्या एकट्याचीच असेल असे वाटत नाही. त्या सुमारास ज्यांच्या नळ्या आपण मोठ्या केल्या त्या सर्वांची यादी आपल्याकडे असणारच. माझ्या उत्तराला चार दिवस उशीर झाला तरी चालेल; त्यांना आधी फोन करा.

कळावे,

आपला,
एक ग्राहक