बूट घालूनच दारं धर

नाशिक, ९ नोव्हेंबर २०२५

चि. अमोल यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बुटांवरून बोलणं भांडणावर गेलं, म्हणून लिहिते आहे. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू गप्प बसतोस. कागदावर मला नीट बोलता येईल असं वाटलं.

मोटरीच्या पेटीमागे घोणस निघाली आणि तुम्ही ती बांधाकडे हुसकून लावली, हे मला रूपालीकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. तू म्हणालास, "आई, तीस वर्षं नर्सबाई होतीस, तुला जिकडेतिकडे पेशंटच दिसतात." खरं आहे ते. दिसतात मला.

या आठवड्यात आपल्याकडे मोटरीला रात्रीची लाईट आहे. टोमॅटोला ड्रिप आहे, त्याचं काही नाही. पण कांद्याला पाटपाणी, म्हणजे रात्री बारा-एकला तू वाफ्यात उतरणार, दारं धरून पाणी वळवणार, आणि पायांत काही नसणार. सोनालीचं बाळ त्याच सुमाराला उठतं. त्याला खांद्यावर घेऊन मी फेऱ्या मारते आणि डोळ्यांपुढे तुझे पाय येतात.

बिबट्याच्या भीतीने तुम्ही आता दोघे-तिघे मिळून जाता, हातात काठी, मोबाइलवर गाणी लावलेली. चांगलंच आहे ते. पण बॅटरी तुम्ही सगळे उसाकडे मारता रे. पायाकडे कोण मारतो?

बिबट्या पेपरात येतो, साप येत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे. वर्षाला ५८ हजार. जवळजवळ सगळी खेड्यातली, आणि निम्मी ३० ते ६९ वयाची. तुला यंदा तिसावं लागलं. हा आकडा वाचला तेव्हा मला पहिलं तेच आठवलं.

त्या मुलीचं मी तुला कधी सांगितलेलं नाही. तुझ्या आप्पांना माहीत होतं. तू तेव्हा पोटात होतास. श्रावणातली सकाळ, उपकेंद्राचं दार नुकतंच उघडलं होतं. आठ-नऊ वर्षांची पोर, आईच्या कडेवर. "पोटात लई दुखतंय, घशाखाली काही उतरत नाही." अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, ताप नाही. मी पोटाचं औषध दिलं आणि घरी पाठवलं. दुपारी परत आणली तेव्हा तिच्या पापण्या उघडत नव्हत्या. मान टाकली होती. जीप मिळेपर्यंत तासभर गेला, आणि तालुक्याला पोचायच्या आत तिचा श्वास थांबला. रात्री ती जमिनीवर गोधडी टाकून झोपली होती. मण्यार होती ती. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, माणूस झोपेतून जागासुद्धा होत नाही. सकाळी पोट दुखतं आणि सगळ्यांना ते पोटाचंच दुखणं वाटतं. मलाही वाटलं. त्यानंतर पोटदुखीचं लेकरू आलं की मी आधी त्याच्या पापण्या बघायची, निवृत्त होईपर्यंत.

म्हणून ओवीला खाली झोपवू नका. आप्पांची लोखंडी खाट माळ्यावर आहे ती काढ, वर मच्छरदाणी लाव आणि तिच्या कडा गादीखाली खोचा. आणि पडवीतल्या सरपणाच्या ढिगाचं काय केलंस? दिवाळीआधी हलवतो म्हणाला होतास. उंदीर झाले की मागून साप येतोच.

आता रागावू नकोस, पण एवढं लिहितेच. चावलाच कधी, तर पळायचं नाही, गाडीला स्वतः किक मारायची नाही. हातातलं कडं आधी काढायचं, सूज चढली की ते निघत नाही. करकचून काही बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. हात-पाय फळी लावून न हलवता धरायचा आणि १०८ ला फोन. गाडीला उशीर असेल तर कुणाच्याही गाडीत, पण सरळ दवाखान्यात. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही एकच असतं. दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय. कुणी घाई करत असेल तर तूच म्हण, नळी ठेवा.

आणि काकू म्हणतील आधी देवळात न्या. त्यांना दुखवू नकोस. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो, आणि ती सगळी माणसं देवळात बरी झालेली काकूंनी पाहिली आहेत. नारळ इंजेक्शननंतर फोडा. मी स्वतः येऊन फोडीन.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. तू आता लेकीचा बाप आहेस आणि मी तुझा हात धरून शाळेत सोडल्यासारखी बोलते आहे. चुकलं माझं.

पण अमोल, सर्पदंशाने शेतकरी गेला की घरच्यांना गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या योजनेतून २ लाख रुपये मिळतात. त्या अर्जाला कुठले कागद लावायचे हे मी कितीतरी बायकांना शेजारी बसून सांगितलं आहे. कडेवर पोर असलेल्या, रूपालीच्या वयाच्या. पुढे नाही लिहीत.

चाकणची नोकरी सोडून आलास तेव्हा मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. आता सोनालीच्या सासरी कुणी आलं की मीच सांगते, माझ्या मुलाने तीन एकर ड्रिपवर घेतलं, रोपं स्वतः तयार करतो. आप्पांना हे बघायला मिळायला हवं होतं. ते जन्मभर अनवाणी राहिले आणि त्यांना काही झालं नाही, असं तू म्हणालास. काही झालं नाही, कारण प्रत्येक रात्री मी कंदील घेऊन त्यांच्यापुढे चालत होते. तुला आठवत नसेल, तू झोपलेला असायचास.

विंचवाची भीती मात्र माझ्या डोळ्यांदेखत कमी झाली. लाल विंचू चावला की लेकरं हृदय थकून जायची. मग महाडच्या डॉ. बावसकरांनी प्राझोसिनची गोळी वापरून दाखवली आणि ती वाचायला लागली. सापाचंही तसं होईल. दिवसाची लाईटही कधीतरी येईल. पण या आठवड्यात ती रात्रीची आहे.

चिखलात बूट रुततात, हे तुझं म्हणणं मला पटलं. म्हणून जावईबापूंबरोबर काल मी स्वतः दुकानात गेले. गुडघ्याएवढे नको म्हटलं, पोटरीपर्यंतचे घेतले, तळ हलका आहे. आठ नंबर पायाला लागेल असं दुकानदार म्हणाला, पण तुझा पाय आप्पांसारखा रुंद, म्हणून नऊ घेतला. सोबत दोन जोड जाड मोजे आहेत. बापूंचा टेम्पो मंगळवारी नारायणगावला येतोय, त्यात पिशवी ठेवली आहे.

सैल झाले तर दोन्ही मोजे एकावर एक घाल. घट्ट झाले तर घालू नकोस, लगेच फोन कर, बदलून आणते. मंगळवारी रात्री दारं धरायला निघताना पायांचा फोटो पाठव. मी जागीच असेन.

तुझी,
आई